खाज्या नाईक आणि अंबापाणीच्या बायका

धुळ्याहून आग्रा रोडने शिरपूर ओलांडले की सातपुडा जवळ येतो आणि सेंधव्याच्या वाटेवरचा घाट लागतो. आज मोटारी तो घाट बोलता बोलता चढून जातात. पूर्वी मात्र नाईकाचे माणूस सोबत असल्यावाचून तेथून गाडी सुखरूप जाईल, याचा भरवसा नसे. घाट राखावा आणि त्याबद्दल आपला हक्क घ्यावा, ही भिल्ल नाईकांची जुनी वहिवाट.

1818 साली खानदेश कंपनी सरकारकडे गेला. नव्या सरकारला या वहिवाटीत निव्वळ लूटमार दिसली. आधी फौजा पाठवून झाल्या; मग 1825 साली आउट्रमसाहेबाने भिल्लांचीच पलटण उभारली, तिचे ठाणे आपल्या धरणगावी. पुढे आफ्रिकेत, नायजेरियातल्या इग्बो लोकांवरही इंग्रजांनी असाच प्रयोग केला. ज्यांच्यात बहुधा राजाच नसे, त्यांच्यावर सनदा देऊन मुखत्यार नेमले. त्या मुखत्यारांवर 1929 साली कोण उठले म्हणाल, तर बायका!

खाज्या हे गुमान नाईकांचे चिरंजीव. सुमारे 20 वर्षे त्यांनी सरकारी नोकरीत राहून हाच घाट राखला. पुढे त्यांच्या मारहाणीत एक संशयित दगावला आणि नाईकांना 10 वर्षांची सजा झाली. सजा अन्यायाची होती असे मी म्हणणार नाही. माणूस जिवानिशी गेला होता. पण मुदतीआधी सुटून आलेल्या याच नाईकांची 1857 साली सरकारला पुन्हा गरज भासली! त्यांनी नोकरी धरली, आणि थोड्याच दिवसांत सोडून भीमा नाईकांसह बंडाचे निशाण उभारले. घाटातून जाणारा सरकारी खजिना लुटला गेला.

11 एप्रिल 1858 रोजी अंबापाणीला लढाई झाली. भिल्लांचे बंड म्हणजे घरदार, लेकरेबाळे घेऊन डोंगरात जाणे. त्यामुळे बायकाही तेथेच होत्या. पकडलेल्या कित्येक पुरुषांना गोळ्या घातल्या आणि शेकडो बायकांना कैद करून नेले. नाईक त्या दिवशी निसटले. 1860 साली विश्वासातल्याच माणसाने दग्याने त्यांचा घात केला.

नाईकांचे नाव राहिले, त्यांच्या वडिलांचेही राहिले. अंबापाणीच्या बायकांचा मात्र बहुधा आकडाच सांगतात. शिरपूरकडच्या कोणा भगिनीने आजी-पणजीच्या तोंडून त्यांतले एखादे नाव ऐकले असेल, तर ते मंडळाच्या वहीत अवश्य लिहून ठेवावे.