आर्सचे धर्मगुरु संत जॉन व्हिआनी

परीक्षेंत नापास झालेल्या विद्यार्थ्याकडे जग फार कठोर दृष्टीनें पाहतें. पुष्कळदां घरचीं माणसेंहि त्यास मंदबुद्धि ठरवून मोकळीं होतात. अशा विद्यार्थ्यांनीं व त्यांच्या आईबापांनीं ज्यांचें चरित्र अवश्य वाचावें असे एक सत्पुरुष फ्रान्स देशांत होऊन गेले. त्यांची ओळख आम्ही येथें करून देत आहों.

जॉन व्हिआनी यांचा जन्म ता. ८ मे १७८६ रोजीं लिआँ शहराजवळील दार्दीयी या खेड्यांत एका शेतकऱ्याच्या घरीं झाला. ते तीन वर्षांचे असतांना फ्रान्समध्यें राज्यक्रांति झाली. नव्या सरकारची शपथ घेण्यास नाकारणाऱ्या धर्मगुरूंस पुढें लपूनछपून वावरावें लागे. १७९९ सालीं जॉन यांनीं प्रथम प्रभुभोजन घेतलें, तें एका खासगी घरांत. आंतील विधि कोणास दिसूं नये म्हणून खिडक्यांपुढें गवताच्या गाड्या उभ्या केल्या होत्या. जीव धोक्यांत घालून येणाऱ्या त्या धर्मगुरूंचा त्यांच्या मनावर खोल ठसा उमटला.

आपणहि धर्मगुरु व्हावें अशी त्यांस तळमळ लागली; परंतु बाळपण शेतांत व गुरांमागें गेलेलें, शाळा अशी फारशी घडलीच नव्हती. विशीच्या सुमारास ते एक्युली गांवचे धर्मगुरु बाले यांच्यापाशीं शिकूं लागले. लॅटिन भाषा कांहीं केल्या पाठ राहीना. त्यांतच १८०९ सालीं नेपोलियनच्या सैन्यांत भरती होण्याचा हुकूम आला. आजारीपणामुळें ते पलटणीच्या मागें राहिले व पुढें ले-नोए या डोंगरी गांवीं फरारी म्हणून दडून राहिले. १८१० सालीं सर्वांस माफी मिळाली, तेव्हां ते परतले.

१८१३ सालीं ते लिआँच्या सेमिनरींत दाखल झाले. तेथें सर्व शिक्षण लॅटिनमधून चाले. प्रश्नच नीट समजेना, तेथें उत्तर काय देणार? कांहीं महिन्यांतच त्यांस परत पाठविण्यांत आलें. पण बाले यांनीं शिष्याचा हात सोडला नाहीं. त्यांनीं तेच विषय फ्रेंच भाषेंतून शिकविले, वरिष्ठांकडे रदबदली केली. आणि अखेर ता. १३ ऑगस्ट १८१५ रोजीं ग्रनोबल येथें जॉन यांस गुरुदीक्षा मिळाली.

१८१८ सालीं त्यांची नेमणूक आर्स येथें झाली. गांव अवघें सुमारें २३० वस्तीचें. क्रांतीच्या धामधुमींत लोक उपासना विसरले होते. रविवारीं देवळापेक्षां दारूच्या गुत्त्यांत गर्दी अधिक. नवे धर्मगुरु पहाटेपूर्वीं देवळांत जात, घरोघर फिरत, मुलांस धर्मशिक्षण देत. स्वतः उकडलेल्या बटाट्यांवर दिवस काढीत. ते नाच व दारू यांविरुद्ध फार कडक बोलत, त्यामुळें कांहीं लोक दुखावले व त्यांनीं त्यांची निंदाहि केली. तरी हळूहळू गांव बदललें. १८२४ सालीं त्यांनीं गरीब मुलींसाठीं मोफत शाळा काढली. तिच्यांत अनाथ मुलींसहि आसरा मिळाला.

पुढें दूरदूरचे लोक पापनिवेदनासाठीं येऊं लागले. शेवटच्या वर्षांत ही संख्या दरसाल हजारोंच्या घरांत गेली. त्यांचें ऐकून घेत ते दिवसाचे अकरा-बारा, तर उन्हाळ्यांत सोळा तासांपर्यंत बसून राहत. इतकें असूनहि आपण या कामास अपात्र आहों, ही टोंचणी त्यांस सदैव होती. एकांतांत राहण्यासाठीं ते १८४३ व १८५३ सालीं गांव सोडून निघालेहि. परंतु दोन्ही वेळां आपल्या लोकांकडे परत आले. ता. ४ ऑगस्ट १८५९ रोजीं आर्स येथेंच त्यांचें देहावसान झालें. १९२५ सालीं त्यांस संतपद देण्यांत आलें व १९२९ सालीं गांवोगांवच्या धर्मगुरूंचे ते आश्रयदाते संत ठरले.

विद्यार्थिमित्रहो, अभ्यास नको असा याचा अर्थ नव्हे. त्यांनीं अभ्यास कधींच टाकला नाहीं. आणि पालकहो, सेमिनरीनें परत पाठविलेला तो तरुण संतपदाला चढला, यांत बाले यांच्या धीराचा वांटा मोठा आहे. आपल्या घरींहि असा कोणी मागें पडलेला मुलगा असेल, तर त्याचा हात सोडूं नका, एवढीच आमची विनंति आहे.