आवाजाला वाद्य बनवणारा अभियंता : पिएर शेफर

नवी दिल्ली, १४ ऑगस्ट : रंगमंचावरील कलाकार आपलाच आवाज यंत्रात टिपतो, क्षणार्धात त्याचे आवर्तन सुरू करतो, तो चढवतो, उतरवतो, उलटा फिरवतो आणि त्यावर नवे सूर रचतो. इलेक्ट्रॉनिक संगीताच्या मैफलींत हे दृश्य आता नित्याचे झाले आहे. या कलेचा पाया ज्यांनी घातला, त्यांत फ्रेंच अभियंता पिएर शेफर यांचे नाव अग्रस्थानी घ्यावे लागते.

शेफर यांचा जन्म १४ ऑगस्ट १९१० रोजी फ्रान्समधील नान्सी शहरात झाला. वडील व्हायोलिनवादक, आई गायिका. मात्र मुलाने अभियांत्रिकीची वाट धरली. १९३६ मध्ये ते फ्रेंच रेडिओच्या सेवेत रुजू झाले. महायुद्धाच्या काळात त्यांनी पॅरिसमध्ये प्रायोगिक स्टुडिओ उभारला आणि हा स्टुडिओ जर्मन सत्तेविरुद्धच्या रेडिओवरील प्रतिकाराचे केंद्र ठरला. ऑगस्ट १९४४ मध्ये मुक्तिसेनेची पहिली तुकडी शहरात पोहोचताच, चर्चमधील घंटा वाजवण्याचे आवाहन त्यांनी रेडिओवरून धर्मगुरूंना केले.

पुढे घंटेच्याच नादाने त्यांना नवी दिशा दाखवली. ध्वनिमुद्रणातून घंटेवरील टोल्याचा आरंभीचा आघात वगळला, की उरलेला नाद घंटेचा वाटत नाही, हे त्यांच्या ध्यानात आले. तबकडीवरील खाच गोलाकार बंद केल्यास तोच ध्वनितुकडा अखंड फिरत राहतो, हेही त्यांनी हेरले. मूळ वस्तूपासून सुटलेला ध्वनी ही संगीताची स्वतंत्र सामग्री होऊ शकते, असा निष्कर्ष त्यांनी काढला. पॅरिसच्या बातिन्योल स्थानकावर त्यांनी आगगाड्यांचे आवाज टिपले आणि त्यांतून रेल्वेवरील रचना साकारली. ५ ऑक्टोबर १९४८ रोजी ती अन्य रचनांसह रेडिओवरून प्रसारित झाली. या संगीताला त्यांनी 'म्युझिक काँक्रेट' म्हणजे मूर्त संगीत असे नाव दिले.

१८ मार्च १९५० रोजी पॅरिसमध्ये हे संगीत प्रथमच श्रोत्यांसमोर आले. तरुण संगीतकार पिएर आंरी यांच्यासह रचलेली 'एकट्या माणसाची सिंफनी' त्या दिवशी तबकड्या फिरवून सादर करण्यात आली. मात्र व्यासपीठावर वादक नसेल, तर श्रोत्यांनी पाहायचे कोणाकडे, हा प्रश्न उरला. शेफर यांचे सहकारी अभियंता झाक पुलँ यांनी १९५१ मध्ये त्यावर उपाय योजला. विद्युत वेटोळ्यांच्या मधोमध उभा असलेला कलाकार हाताच्या हालचालींनी ध्वनी समोरच्या, मागच्या वा डोक्यावरच्या लाउडस्पीकरकडे वळवू लागला. 'फोनोजेन' या यंत्रात बारा पट्ट्यांच्या साहाय्याने ध्वनिफितीचा वेग, पर्यायाने स्वर बदलता येई. आजच्या सॅम्पलरचे ते पूर्वरूपच होय.

१९५८ मध्ये शेफर यांनी ध्वनिसंशोधन गटाची नव्या स्वरूपात उभारणी केली. झाँ-मिशेल झार यांच्यासारखे संगीतकार या गटात शिकले. १९६६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बृहद्ग्रंथात शेफर यांनी ध्वनींचे सूक्ष्म वर्गीकरण मांडले. त्यानंतर मात्र त्यांच्या हातून फारच थोड्या रचना झाल्या. उतारवयात तर त्यांनी स्वतःच्या कार्यावरच प्रश्नचिन्ह उभे केले. परंपरेने सिद्ध झालेल्या स्वरांपलीकडे संगीत सापडतेच असे नाही आणि आपला शोध त्या अर्थाने निष्फळ ठरला, असे ते उघडपणे मान्य करीत.

१९ ऑगस्ट १९९५ रोजी त्यांचे निधन झाले. तोवर सॅम्पलर जगभरच्या स्टुडिओंत पोहोचला होता आणि तबकड्या फिरवणारे कलाकार मैफली गाजवीत होते. शेफर यांना ज्या संगीताविषयी अखेरपर्यंत शंका राहिली, त्याचा निवाडा श्रोत्यांनी केला. आवाज पकडून त्याला नवे रूप देण्याची त्यांची पद्धत आज एखादा विद्यार्थीही आपल्या संगणकावर सहज वापरतो.