नाना फडणवीस : राज्याचा जमाखर्च

सोनगीरच्या किल्ल्याखालीं, आग्रारस्त्याच्या कडेला, तांब्यापितळेच्या भांड्यांचा धंदा पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. वहीवर व्यवहार करणारा तेथील दुकानदार दिवसाची विक्री आधीं रोजकीर्दींत लिहितो व मग गिऱ्हाइकाच्या नांवानें खतावणींत चढवितो. त्याचा मुलगा कॉलेजांत कॉमर्स शिकूं लागला म्हणजे हींच दोन पुस्तकें त्यास जर्नल व लेजर या नांवांनीं भेटतात, आणि ही विद्या सातासमुद्रांपलीकडून आली असें त्यास वाटूं लागतें. तें अगदींच खोटें नाहीं. फ्रान्सिस्कन संघाचे मठवासी ल्युका पाचोली यांनीं १४९४ सालीं व्हेनिस येथें छापलेल्या आपल्या गणितग्रंथांत दुहेरी नोंदीची रीत समजावून सांगितली. तीच आज जगभर चालते. परंतु हिशेबाच्या बळावर ज्यांनीं महाराष्ट्रांत एक राज्य सांभाळिलें, त्या नाना फडणविसांचें चरित्र या दृष्टीनें क्वचितच सांगितलें जातें. तें येथें थोडक्यांत देत आहों.

बाळाजी जनार्दन भानु हें नानांचें खरें नांव. जन्म सातारा येथें, ता. १२ फेब्रुवारी १७४२. फडणिशी घराण्यांतच होती. आजोबा बाळाजी महादेव हे पहिल्या पेशव्यांसमवेत दिल्लीस गेले असतां १७१९ सालीं तेथेंच कामास आले. वडील जनार्दनपंत १७५६ मध्यें निवर्तले, तेव्हां चौदा वर्षांच्या मुलाच्या हातीं राज्याच्या हिशेबाची लेखणी आली. १७६१ सालीं पानिपतावरून ते कसेबसे जीव वाचवून परतले. मातोश्री मात्र त्या पळापळींत कायमच्या अंतरल्या. रणांगणाची त्यांस कधींच आवड नव्हती, आणि त्यावरून लोकांनीं त्यांस नांवेंहि ठेविलीं.

थोरले माधवराव हिशेबाच्या बाबतींत फार कडक. त्यांच्या हाताखालीं नाना तयार झाले. १७७३ त नारायणरावांचा खून झाल्यावर बारभाईंच्या मसलतींत ते पुढें आले, आणि पुढील वर्षीं जन्मलेल्या सवाई माधवरावांच्या नांवानें त्यांनीं वीस वर्षें कारभार हांकिला. सालबाईचा तह, खर्ड्याची लढाई हें सर्व शाळेच्या पुस्तकांत असतेंच. त्याचा विस्तार नको. आपणांस त्यांचें दप्तर पाहावयाचें आहे.

पुण्याच्या हुजूर दप्तरांत दोनशेंहून अधिक कारकून बसत. वर्षारंभीं मामलेदारास बेहेडा दिला जाई, म्हणजे परगण्यांतून वसूल किती यावा व खर्च किती व्हावा याचा अंदाज. आज ज्यास बजेट म्हणतात तेंच हें. वसुलापैकीं कांहीं रक्कम रसद म्हणून आगाऊ भरावी लागे. परंतु खरी मेख पुढेंच आहे. मामलेदाराच्या भोंवतीं सरकारचे दरखदार असत, आणि त्यांस काढून टाकण्याचा अधिकार मामलेदारास नसे. फडणीस रोजचा हिशेब लिही व पैशाच्या थैलीस चिठ्ठी बांधी. दप्तरदार त्यावरून खतावणी करी. पोतनीस शिल्लक सांभाळी. पोतदार नाणें पारखी. मुजुमदार हिशेब तपाशी. हे कागद पुण्यास आले म्हणजे एकबेरीज दप्तरांत त्यांची वर्गवारी होऊन जमा, खर्च व शिल्लक यांचा तर्जुमा निघे. नानांच्या वेळीं या कामांत पुष्कळ सुधारणा झाल्या.

विद्यार्थ्यांनीं येथें एक भेद ध्यानांत घ्यावा. पाचोलींच्या रीतींत प्रत्येक रक्कम दोन खात्यांत पडते. दोन्ही बाजू जुळल्या नाहींत तर चूक झाल्याचें तत्काळ कळतें. (जुळल्या म्हणून हिशेब खराच असतो असें मात्र नव्हे.) पुण्याच्या दप्तरांत मुख्य भिस्त दुसऱ्या नोंदीवर नव्हती, दुसऱ्या माणसावर होती. एकानें लिहावें, दुसऱ्यानें सांभाळावें, तिसऱ्यानें तपासावें. ऑडिटाच्या पहिल्या धड्यांत आजहि हेंच शिकवितात. परंतु अशी रीत माणसें जागीं असतील तोंवरच टिकते.

हिशेबापायीं नानांस थोरामोठ्यांशीं वैर पत्करावें लागलें. १७९२ सालीं महादजी शिंदे उत्तरेंतून पुण्यास आले. हिंदुस्थानांतील मोहिमांवर आपला अपार खर्च झाला, तो सरकारनें द्यावा, ही त्यांची मागणी. नानांचें म्हणणें कीं आधीं तिकडील वसुलाचा हिशेब दाखवावा. दोघांचे आकडे जुळेनात. १७९४ च्या फेब्रुवारींत महादजी वानवडीस निवर्तले, आणि दौलतीचे दोन मोठे आधारस्तंभ मनानें शेवटपर्यंत पुरते एक झाले नाहींत.

नाना निर्दोष होते असें म्हणवत नाहीं. त्यांनीं स्वतःसाठीं मोठी संपत्ति सांठविली. ज्याच्या दप्तरीं दूरच्या परगण्याची पै लपत नसे, त्याच्या डोळ्यांदेखत पुण्यांत घाशीराम कोतवालाचा जुलूम वाढत गेला, आणि १७९१ सालीं लोकांनींच त्यास दगडांनीं मारिलें. सवाई माधवरावांवरहि त्यांची नजर इतकी करडी होती कीं, १७९५ त त्या तरुण पेशव्याचा अंत झाला तेव्हां पुष्कळांनीं नानांसच बोल लाविला.

ता. १३ मार्च १८०० रोजीं नाना वारले. दुसऱ्या बाजीरावांनीं मामलती अधिक बोली करणाऱ्यास मक्त्यानें देण्यास आरंभ केला. मग दरखदारांची तपासणी नांवापुरती उरली, व दप्तराकडेहि दुर्लक्ष झालें. खानदेशावर तर होळकरांच्या फौजांची लूट व त्यामागून १८०३-०४ चा दुष्काळ असे दोन घाले आले. गांवें ओस पडलीं. १८१८ त इंग्रजांचा अंमल बसला.

जें दप्तर वांचलें तें पुण्यांत रुमालांत बांधून ठेवलेलें आहे. रियासतकार सरदेसाई यांनीं १९३० पासून त्यांतील निवडक कागद ४५ भागांत प्रसिद्ध केले. पण जमाखर्चाचे असंख्य बंद अद्याप मोडींतच आहेत. ज्या विद्यार्थ्यास लेजर वाचतां येतें, त्यानें चार महिने मोडीला दिले तर ते त्यास उलगडूं लागतील.