रमाईचं घर

आपल्या वस्तीत कुणाचं घरकुल मंजूर झालं की जुनी माणसं योजनेचं लांबलचक नाव घेत नाहीत. रमाईचं घर आलं, एवढंच म्हणतात. पण ज्या माऊलीच्या नावानं हे घर येतं, तिला स्वतःला हक्काचं घर किती दिवस लाभलं, हे आपल्या पोराबाळांना ठाऊक असावं. म्हणून विहाराच्या या स्मरणिकेसाठी आम्ही हे चार शब्द लिहीत आहोत.

माता रमाईंचा जन्म ७ फेब्रुवारी १८९८ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातल्या दापोलीजवळच्या वणंद गावी झाला. वडील भिकू धुत्रे दाभोळ बंदरात माशांच्या टोपल्या वाहायचे. आई रुक्मिणी लवकर गेली, मागून वडीलही गेले. पोरक्या लेकरांना नातेवाइकांनी मुंबईला भायखळ्यात आणलं. तिथंच १९०६ साली रमाईंचं लग्न सुभेदार रामजींच्या भीमरावांशी लागलं. नवरा मुलगा चौदा-पंधरा वर्षांचा, नवरी नऊच्या आसपास. लग्न लागलं ते भायखळ्याच्या बाजारात, रात्री बाजार उठल्यावर, मोकळ्या ओट्यांवर. गरिबाला मांडवालाही स्वतःची जागा नव्हती.

पुढं संसार परळच्या बी. आय. टी. चाळीत झाला. ही चाळ कुणाची? १८९६ साली मुंबईत प्लेग आला. कोंदट वस्त्यांत माणसं किड्यामुंगीसारखी मेली, तेव्हा सरकारला जाग आली आणि १८९८ साली इंप्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला. त्याच ट्रस्टनं कामकरी लोकांसाठी अशा चाळी बांधल्या. दुसऱ्या मजल्यावरच्या ५० आणि ५१ नंबरच्या दोन खोल्यांत हे कुटुंब १९१२ पासून १९३४ पर्यंत राहिलं. म्हणजे बावीस वर्षं. नळ, संडास सगळं सामाईक. आम्ही गिरणीत पाळ्या करणारी माणसं. एका खोलीत अख्खं कुटुंब निजवायचं म्हंजे काय, हे आम्हाला निराळं सांगावं लागत नाही.

डिसेंबर १९१२ मध्ये यशवंतराव जन्मले. फेब्रुवारी १९१३ मध्ये सुभेदार रामजी वारले. त्याच वर्षी बाबासाहेब शिकायला अमेरिकेला गेले, ते १९१७ ला परतले. पुन्हा १९२० ला लंडनला गेले, ते १९२३ ला आले. ही सगळी वर्षं घर ओढलं ते रमाईंनी. त्या शेण गोळा करून गोवऱ्या थापायच्या आणि विकायच्या, असं आपल्यातली जुनी माणसं सांगत आली आहेत. पाच लेकरं झाली. त्यांतली गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न ही चार गेली. राजरत्न गेला तो १९२६ साली. एकटे यशवंतराव राहिले. औषधपाणी, सकस अन्न, मोकळी हवा, यांतलं काहीच पुरेसं नव्हतं. पण नवऱ्याच्या अभ्यासाच्या आड ही माऊली कधी आली नाही.

रमाईंची एक इच्छा आपल्या भागाशी जोडलेली आहे. त्यांना एकदा पंढरपूरला जायचं होतं. आपल्या टेंभुर्णीहून पंढरपूर किती लांब? सकाळी निघालं तर दुपारी परत येता येतं. पण तेव्हा आपल्या माणसाला देवळाबाहेरूनच माघारी फिरावं लागे. बाबासाहेबांनी नकार दिला आणि आपण दुसरी पंढरी निर्माण करू, अशी त्यांची समजूत घातली. पंढरपूरचं देऊळ सर्वांना खुलं झालं ते १९४७ साली. दुसरी पंढरी १९५६ साली नागपूरला दीक्षाभूमीवर उभी राहिली. दोन्ही पाहायला रमाई नव्हत्या.

दादरच्या हिंदू कॉलनीत बाबासाहेबांनी राजगृह बांधलं. स्वतःचं घर झालं, पण पुस्तकांना जागा आणि रमाईंना आजारपण मिळालं. दुखणं हटलं नाही. २७ मे १९३५ रोजी राजगृहातच त्या गेल्या. वय अवघं ३७. स्वतःच्या घरात त्यांचे दिवस फार थोडे गेले.

२००८ साली महाराष्ट्र सरकारनं अनुसूचित जाती आणि नवबौद्धांसाठी रमाई आवास योजना सुरू केली. डोंगराळ नसलेल्या खेड्यांत २६९ चौरस फुटांच्या पक्क्या घरासाठी १ लाख २० हजारांचं अनुदान अनेक वर्षं राहिलं. ते काम पुढं सरकेल तसं हप्त्यानं खात्यावर येतं. ज्याला जागाच नाही त्याला जागा घेण्यासाठी २०१५ पासून निराळी मदत आहे. ती आधी ५० हजारांपर्यंत होती, पुढं १ लाखापर्यंत झाली.

कागदावर हे सगळं चांगलं आहे. पण आमच्या ओळखीच्या एका सत्तरी ओलांडलेल्या आजीचं नाव यादीत लागलं आणि जागेचा उतारा निघाला मयत सासऱ्याच्या नावावर. वारसनोंद नाही, लिहिता-वाचता येत नाही, सोबत कुणी नाही. एका कचेरीतून दुसरीकडं, तिथून पुन्हा पहिलीकडं. दोन पोरं सुट्टी काढून बरोबर हिंडली तेव्हा कुठं नोंद झाली. पहिला हप्ता आला, आजीनं जुनी खोली पाडली आणि काम पायावरच थांबलं, कारण पुढचा हप्ता काम वर आल्याशिवाय मिळत नाही आणि काम वर न्यायला हातात पैसा नाही. अख्खा पावसाळा तिनं शेजाऱ्याच्या पडवीत काढला. दिवाळीनंतर वस्तीतल्या गवंड्यांनी उधारीवर काम उचललं, तेव्हा भिंती उभ्या राहिल्या.

हे अनुदान म्हणजे भीक नव्हे. बाबासाहेबांनी मिळवून दिलेल्या हक्कातून ते आलं आहे. पण एकट्या म्हाताऱ्या माणसापर्यंत हक्क आपल्या पायांनी चालत जात नाही, तो नेऊन पोचवावा लागतो.

म्हणून बंधू-भगिनींनो, आमची एवढीच विनंती. दर रविवारी वंदना झाल्यावर शिकलेल्या दोन पोरांनी विहारात तासभर बसावं. जातीचा दाखला, उतारा, वारसनोंद, बँकेचं खातं, यांतलं कुणाचं काय अडलं ते वहीत लिहावं आणि सोमवारी त्या आजी-आजोबांबरोबर जावं. जुनं घर पाडण्याआधी पुढच्या हप्त्यापर्यंतची सोय काय, ते वस्तीनं बसून ठरवावं. रमाई जयंतीला आपण फोटोला हार घालतोच. त्या दिवशी एका तरी म्हातारीच्या हातात तिच्या घराची किल्ली असावी. जय भीम!