कॅप्टन मार्टेल : सात शस्त्रक्रियांची झुंज

अमेरिकेच्या व्यापारी जहाजांवर सेवा बजावणारे कॅप्टन चार्ल्स मार्टेल हे सहा फुटांहून उंच, धिप्पाड बांध्याचे गृहस्थ होते. पहिले महायुद्ध संपत आले असतानाच त्यांच्या प्रकृतीला उतार लागला. अंग दुखू लागले, किरकोळ आघातानेही हाडे मोडू लागली, लघवीतून खर जाऊ लागली. मणके दबत गेल्याने १९२६ पर्यंत त्यांची उंची ७ इंचांनी घटली होती.

त्या वर्षी न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयात डॉ. युजीन डुबॉय यांनी निदान केले. गळ्यातील अवटू ग्रंथीमागे सहसा चार इवल्या परावटू, म्हणजेच पॅराथायरॉईड ग्रंथी असतात. रक्तातील कॅल्शियमचे प्रमाण राखणे हे त्यांचे काम. त्यांपैकी एखादीवर साधी गाठ वाढली, की तिचा स्राव अनावर होतो. क्वचित चारही ग्रंथी फुगतात. कर्करोग मात्र अगदी विरळा. वाढलेला स्राव हाडांतील कॅल्शियम रक्तात ओढतो. हाडे ठिसूळ होतात, मूत्रपिंडात खडे साचतात. थकवा, बद्धकोष्ठता, वारंवार लघवी आणि उदासी मागे लागते.

मार्टेल यांना बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये पाठविण्यात आले. पुढील काही वर्षांत त्यांचा गळा पुन्हा पुन्हा उघडला गेला; गाठ हाती लागेना. तेव्हा ते स्वतःच ग्रंथालयात बसून शरीररचनाशास्त्र वाचू लागले. गर्भावस्थेत या ग्रंथी जागा बदलत खाली सरकतात आणि एखादी छातीपर्यंतही पोहोचते. मग छातीतही शोध घ्यावा, असा आग्रह त्यांनी धरला.

१९३२ मध्ये सातव्या शस्त्रक्रियेत डॉ. एडवर्ड चर्चिल व डॉ. ऑलिव्हर कोप यांना छातीच्या मधल्या हाडामागे सुमारे तीन सेंटिमीटरची गाठ सापडली. तिचा बहुतांश भाग काढताच कॅल्शियम झपाट्याने उतरले आणि स्नायूंना आकडी येऊ लागली. मूत्रपिंडे तर आधीच निकामी होत आली होती. सुमारे सहा आठवड्यांनी, मूतखड्यावरील शस्त्रक्रियेनंतर, मार्टेल यांचे निधन झाले.

त्यांचा तर्क अचूक ठरला, पण उशिरा. आज रक्तातील कॅल्शियमच्या साध्या तपासणीतून या विकाराचा सुगावा लागतो. वारंवार होणारे मूतखडे किंवा सहज मोडणारी हाडे केवळ वयाच्या माथी मारू नयेत, एवढे या कॅप्टनच्या आयुष्यातून घेण्यासारखे आहे.