ईम गावचे पाळक विल्यम मॉम्पेसन

इंग्लंडच्या मध्यभागी डर्बीशायर परगण्यात ईम नावाचे एक डोंगरी गाव आहे. चुनखडीचे डोंगर, मेंढरांची कुरणे व शिशाच्या जुन्या खाणी ह्यांच्या मधोमध ते वसलेले असून शेफील्ड शहर तेथून दहाबारा मैलांवर आहे. ह्या लहानशा गावाचे नाव दूरदेशी पसरले ते १६६५ व १६६६ ह्या दोन सालांत तेथे जे घडले त्यामुळे. आणि त्या घडामोडीत पुढाकार घेणारे गृहस्थ म्हणजे तेथील तरुण पाळक विल्यम मॉम्पेसन हे होत. आमच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या घरी आजापणजांच्या वेळच्या प्लेगाच्या गोष्टी अजून सांगितल्या जात असतील. त्यांस हे चरित्र परक्या देशाचे असले तरी परके वाटणार नाही.

मॉम्पेसन ह्यांचा जन्म १६३९ च्या सुमारास झाला. केंब्रिज येथील पीटरहाऊस विद्यालयात त्यांचे शिक्षण झाले. पुढे दीक्षा मिळाल्यावर सर जॉर्ज सॅव्हिल ह्या मोठ्या जमीनदाराच्या पदरी धर्मोपदेशक म्हणून काही दिवस राहून, १६६४ साली ते ईम येथे पाळक म्हणून आले. बरोबर पत्नी कॅथरीनबाई व जॉर्ज आणि एलिझाबेथ ही दोन लहान मुले होती. वय अवघे पंचविसाच्या घरात. विद्यापीठातून आलेल्या अशा तरुणास खाणीत राबणाऱ्या व मेंढरे पाळणाऱ्या लोकांत एकदम मान मिळावा हे कठीणच. त्यातून ईमची स्थिती विशेष नाजूक होती.

ती अशी की, गावचे जुने पाळक टॉमस स्टॅन्ली हे अद्याप गावातच राहत होते. इंग्लंडात राजा नव्हता त्या दिवसांत प्युरिटन मताच्या ह्या सत्पुरुषाने ईमच्या मंडळीची पुष्कळ वर्षे सेवा केली होती. १६६० साली राजा परत आला, आणि १६६२ साली असा कायदा झाला की प्रत्येक पाळकाने सरकारमान्य प्रार्थनापुस्तक मान्य करावे, नाहीतर जागा सोडावी. सुमारे दोन हजार पाळकांनी जागा सोडल्या. स्टॅन्ली त्यांपैकी एक. १६६५ साली आणखी एक कायदा होऊन अशा पाळकांनी आपल्या जुन्या मंडळीच्या पाच मैलांच्या आत राहू नये असे ठरले. तरीही स्टॅन्ली तेथेच होते व गावातील पुष्कळांचे मन त्यांच्याकडेच होते. एका गावात दोन पाळक, एक कायद्याचा व एक लोकांच्या मनातला, अशी स्थिती असली म्हणजे काय होते हे आमच्या खेड्यांतील मंडळ्यांस सांगावयास नको.

१६६५ च्या उन्हाळ्यात लंडन शहरात प्लेगाने कहर केला. तेथील नोंदींप्रमाणेच सुमारे ७०,००० माणसे त्या वर्षी ह्या रोगाने मेली. ईम लंडनपासून फार दूर असल्यामुळे गावास भीती वाटण्याचे कारण नव्हते. परंतु गावातील अलेक्झांडर हॅडफील्ड ह्या शिंप्याच्या घरी लंडनहून कापडाची एक पेटी आली. कापड दमट झाले होते म्हणून जॉर्ज व्हिकर्स नावाच्या त्याच्या कारागिराने ते विस्तवापुढे पसरून वाळविले, अशी हकीकत परंपरेने चालत आली आहे. थोड्याच दिवसांत व्हिकर्स तापाने पडला, अंगावर गाठी आल्या, आणि ७ सप्टेंबर १६६५ रोजी त्यास मूठमाती देण्यात आली. नंतर त्याच घरातील मूल, मग शेजारी, असे करीत रोग घराघरांत शिरला. ज्यांस दुसरीकडे ठाव होता अशी काही सुखवस्तू कुटुंबे त्याच सुमारास निघून गेली. गरिबांस जावयास जागाच नव्हती. हिवाळ्यात रोग मंदावला, वसंतात तर तो संपला असे वाटू लागले. पण जून महिन्यात त्याने पुन्हा डोके वर काढले, व आता तो पूर्वीपेक्षा भयंकर होता. लोकांचा धीर सुटला. जो तो बोचकी बांधून निघण्याच्या विचारात पडला.

ह्या प्रसंगी मॉम्पेसन ह्यांनी जे केले ते आम्हांस त्यांच्या साऱ्या चरित्रात मोठे वाटते. लोकांनी गाव सोडले तर शेफील्डपर्यंतच्या साऱ्या वस्त्यांत रोग पसरेल, हे त्यांस दिसत होते. परंतु लोकांस मरणाच्या जबड्यात थांबा म्हणून सांगावयाचे, तर ते नव्या पाळकाचे ऐकतील काय? मॉम्पेसन ह्यांनी ही गोष्ट ओळखली, आणि स्टॅन्ली ह्यांच्याशी ते एक झाले. ज्याची जागा आपण घेतली त्याच्याच शब्दाचा आधार घेणे पंचवीस-सव्वीस वर्षांच्या माणसास सोपे नसते. इकडे स्टॅन्ली ह्यांसही ज्या व्यवस्थेने आपणांस बाहेर काढले तिच्याच पाळकाच्या खांद्यास खांदा लावावा लागला. दोघांनी मनातले बाजूस ठेवले व गावास एकमुखाने तीन गोष्टी सांगितल्या. पहिली ही की, मंदिराच्या आवारात प्रेतयात्रा नेऊ नये. ज्याने त्याने आपले मृत आपल्या शेतात वा परड्यात पुरावे. दुसरी, मंदिराचे दार बंद करून उपासना गावालगतच्या ककलेट डेल्फ नावाच्या दरीत उघड्यावर व्हावी, व कुटुंबांनी एकमेकांपासून दूर उभे राहावे. तिसरी व सर्वांत कठीण, गावाभोवती सुमारे अर्ध्या मैलावर शीव ठरवून ती कोणीही ओलांडू नये.

लोकांनी ते मानले. खाण्यापिण्याची सोय व्हावी म्हणून मॉम्पेसन ह्यांनी चॅट्सवर्थ येथील अर्ल ऑफ डेव्हनशायर ह्यांस लिहिले व त्यांनी अन्न व औषधे पुरविली. शिवेवर एक झरा होता, त्यास आजही मॉम्पेसनची विहीर म्हणतात; तेथे बाहेरचे लोक सामान ठेवून मागे सरत, मग ईमचे लोक येऊन ते उचलीत. खालच्या स्टोनी मिडल्टन गावाकडील वाटेवर एक मोठा दगड असून त्यास भोके पाडलेली आहेत. त्या भोकांत शिरका ओतून त्यात पैसे टाकीत, म्हणजे पैशाबरोबर रोग जाऊ नये. शीव ओलांडणारे अगदीच कोणी नव्हते असे नाही. एक बाई टाइड्सवेलच्या बाजारास गेली, ती ईमची असे ओळखताच लोकांनी तिला चिखलधोंड्यांनी मारून हाकलले, अशी आठवण गावात पिढ्यानपिढ्या सांगत आले. विल्यम वुड नावाच्या ईमच्याच रहिवाशाने १८४२ साली गावचा इतिहास प्रसिद्ध केला, त्यात अशा पुष्कळ आठवणी आहेत. पावणेदोनशे वर्षे तोंडातोंडी आलेल्या गोष्टींत थोडे कमीअधिक झाले असणारच. पण नोंदवहीतील नावे व तारखा काही बदलत नाहीत.

त्या तारखा वाचवत नाहीत. जुलैत पन्नासाहून अधिक माणसे गेली, ऑगस्टात पाऊणशेहून अधिक. गावाबाहेर रायली नावाच्या शेतावर हॅन्कॉक नावाचे कुटुंब होते. ३ ऑगस्टपासून आठ दिवसांत एलिझाबेथ हॅन्कॉक हिने आपला नवरा व सहा मुले आपल्या हाताने खड्डे खणून पुरली. मदतीस येण्याची कोणाची छाती नव्हती. ती स्वतः मात्र वाचली. त्या सात कबरी डोंगराच्या उतारावर दगडी कुंपणात आजही आहेत.

पाळकाच्या घरावरही ही पाळी आली. रोग वाढू लागला तेव्हा कॅथरीनबाईंनी मुलांस घेऊन निघून जावे म्हणून नवऱ्याची विनवणी केली. नवऱ्याने, तू मुलांस घेऊन जा, म्हणून तिची विनवणी केली. शेवटी मुलांस यॉर्कशायरात आप्तांकडे धाडले आणि दोघे मागे राहिली. पाळकाने आपली मुले बाहेर काढली व लोकांची आत ठेवली, असा दोष काही लोक देतात. शीव ठरण्यापूर्वी मुले गेली हे ध्यानात घेतले तरी हा बोल अगदीच पोकळ आहे असे आम्हांस म्हणवत नाही. मात्र बाप म्हणून त्यांनी दुसरे काय करावे हेही आम्हांस सुचत नाही. कॅथरीनबाईंची प्रकृती आधीच नाजूक होती, तरी त्या नवऱ्याबरोबर घरोघर आजाऱ्यांस पाहावयास जात. एके संध्याकाळी दोघे शेतातून येत असता हवा किती गोड वासाची आहे असे त्या सहज म्हणाल्या, आणि नवऱ्याच्या पोटात धस्स झाले, कारण असा वास येणे हे रोगाचे चिन्ह समजत. अशी तेथील दंतकथा आहे. २५ ऑगस्ट १६६६ रोजी त्या वारल्या. वय २७. त्यांस मात्र मंदिराच्या आवारातच पुरले.

मॉम्पेसन ह्यांची त्या दिवसांतील तीन पत्रे नकलांच्या रूपाने राहिली आहेत. एक मुलांस लिहिले असून त्यात आई गेल्याचे कळविले आहे व ती कशी होती हे सांगितले आहे. दुसरे १ सप्टेंबरचे, सर जॉर्ज सॅव्हिल ह्यांस. ते लिहिताना आपणही आता जाणार अशी त्यांची खात्री होती. म्हणून त्यांनी पोरक्या मुलांवर लोभ असू द्यावा अशी विनंती केली, आणि आपल्या जागी येणारा पाळक नम्र व भक्तिमान असावा असे सुचविले. तिसरे पत्र नोव्हेंबरचे; तोवर रोग थांबला होता. शेवटचा मृत्यू १ नोव्हेंबर रोजी झाला. चौदा महिन्यांत सुमारे २६० माणसे गेली होती. पूर्वी गावची वस्ती ३५० समजत असत. अलीकडील संशोधकांनी जुन्या करांच्या याद्या तपासून ती ७०० च्या आसपास असावी असे ठरविले आहे. तसे धरले तरी तिघांतील एकाहून अधिक माणूस गेला. उरलेल्यांनी अंथरुणे-पांघरुणे व सामान जाळून टाकले. मॉम्पेसन ह्यांस स्वतःस रोगाचा स्पर्शही झाला नाही.

ह्या बलिदानाने नेमके काय साधले? हा प्रश्न विद्वान लोक अजून काढतात, आणि आमच्या देशाकडे पाहिले म्हणजे तो अधिकच बोचतो. १८९६ साली मुंबईत व १८९७ साली पुण्यात प्लेग आला, आणि पुढे गावोगाव उंदीर पडू लागले की आमचे लोक घरे सोडून माळावर झोपड्या बांधून राहू लागले. १८९८ साली कराचीत सिमाँ नावाच्या फ्रेंच डॉक्टराने उंदरांवरील पिसवांमुळे रोग पसरतो हे दाखवून दिले, तेव्हा झोपड्यांत जाणे शहाणपणाचे होते असे सिद्ध झाले. ईमच्या लोकांनीही आपल्या शिवेच्या आतच, पण घरांपासून दूर डोंगरावर वस्ती केली असती, तर कदाचित पुष्कळ जीव वाचले असते. उलटपक्षी, ईममध्ये रोग माणसाकडून माणसाकडेही बराच पसरला असावा असे अलीकडे काही संशोधक मांडतात. काही असो, १६६६ साली पिसवांची गोष्ट पृथ्वीवर कोणास ठाऊक नव्हती. आजूबाजूच्या गावांत मात्र रोग गेला नाही. आमच्या मते उघड्यावरील उपासना ही तरी त्या काळच्या मानाने मोठी दूरदृष्टी होती.

स्टॅन्ली ईममध्येच राहिले व १६७० साली तेथेच वारले. त्याच सुमारास मॉम्पेसन ह्यांस सॅव्हिल ह्यांच्या कृपेने नॉटिंगहॅमशायरातील ईक्रिंग येथील जागा मिळाली. परंतु प्लेगाच्या गावचा पाळक येतो हे ऐकून ईक्रिंगचे लोक घाबरले व त्यांस गावात येऊ देईनात. तेव्हा काही काळ ते जवळच्या रफर्डच्या रानात झोपडीत राहिले आणि एका झाडाखाली उभे राहून उपदेश करीत. ज्याने दुसऱ्यांस शीव घालून दिली त्यासच आता गावच्या शिवेबाहेर बसावे लागले. आणि त्याबद्दल त्यांनी कुरकुर केल्याचे कोठे आढळत नाही. पुढे भीती गेली. त्यांनी दुसरा विवाह केला व जवळजवळ चाळीस वर्षे ईक्रिंगच्या मंडळीची सेवा केली. १७०९ साली ते वारले, व त्यांचे शरीर ईक्रिंगच्या मंदिरातच ठेवण्यात आले.

कॅथरीनबाईंची कबर ईमला आहे. १८६६ साली त्या मरीस दोनशे वर्षे झाली तेव्हापासून ईमचे लोक दरवर्षी स्मरणाची उपासना करीत आले आहेत. ती हल्ली ऑगस्टच्या शेवटल्या रविवारी त्याच ककलेटच्या दरीत उघड्यावर होते, आणि त्या दिवशी कॅथरीनबाईंच्या कबरेवर तांबड्या गुलाबांची माळ ठेवतात.