होड्या शाकारल्या, आता पोरांच्या शिक्षणाचं बघा!

वाचकहो, जून उजाडला की आपल्या घिवली-तारापूरच्या किनाऱ्यावर होड्या वर ओढून शाकारल्या जातात. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद. दर्यातून येणारा पैसा थांबतो आणि नेमक्या त्याच वेळी दहावीचा निकाल हातात घेऊन पोरगं दारात उभं राहतं. पुढं काय? पालघरच्या कॉलेजात घालायचं, आयटीआयला पाठवायचं, की बोईसरच्या कारखान्यात ठेकेदाराकडे लावायचं? फी, पुस्तकं, रोजचा प्रवास यांचा हिशेब मांडला की बाप गप्प बसतो. पोरगं काय समजायचं ते समजतं.

हा प्रश्न आजचा नाही. शंभर वर्षांपूर्वी साताऱ्याकडच्या एका माणसाने तो अंगावर घेतला आणि जन्मभर सोडला नाही. त्याचं नाव कर्मवीर भाऊराव पाटील. नाव तुम्ही शाळेत ऐकलंच असेल. पण त्याने हे काम नेमकं केलं कसं, ते आज नीट बघू या. त्यात आपल्या कामाचं बरंच आहे.

स्वतः मॅट्रिकही नाही

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ चा, कोल्हापूरकडच्या कुंभोजचा. घराणं जैन शेतकऱ्याचं, मूळ गाव ऐतवडे बुद्रुक. शिक्षणासाठी ते कोल्हापूरच्या जैन वसतिगृहात राहिले. १९०८ साली अस्पृश्य मुलांच्या वसतिगृहाच्या उद्‌घाटनाला ते गेले. परत आल्यावर आंघोळ करून शुद्ध व्हा, असा हुकूम निघाला. भाऊरावांनी साफ नकार दिला आणि वसतिगृह सुटलं. पण शाहू महाराजांचं कोल्हापूर त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. जातीजातीच्या मुलांना राहायला-जेवायला जागा मिळाली की ती शिकतात, हे तिथंच त्यांच्या मनात पक्कं झालं.

इंग्रजी सहावीच्या पुढं काही त्यांची गाडी गेली नाही. मॅट्रिक राहून गेली. साताऱ्यात शिकवण्या केल्या, मग ओगल्यांचं काचसामान आणि किर्लोस्करांचा लोखंडी नांगर विकत गावोगाव हिंडले. त्या फिरतीत खेड्यातलं घर आतून पाहिलं. पोरगं हुशार आहे, मास्तरही सांगतायत, पण गावात वरची शाळा नाही आणि शहरात ठेवायची ऐपत नाही. बुद्धी कमी नव्हती, वाटेत पोटाचा प्रश्न आडवा येत होता, हे त्यांनी ओळखलं.

काल्यापासून धनिणीच्या बागेपर्यंत

४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराड तालुक्यातल्या काले गावी सत्यशोधक परिषदेच्या वेळी रयत शिक्षण संस्था निघाली. १९२४ साली ती साताऱ्याला आली. तिथल्या धनिणीच्या बागेत वसतिगृह चाललं. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते त्याचं छत्रपती शाहू बोर्डिंग असं नामकरण झालं. महार, मांग, मराठा, मुसलमान, जैन, सगळी पोरं एका पंगतीला. त्या काळात ही गोष्ट सोपी होती असं समजू नका!

आणि ही पंगत उठवली कोणी? भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी. त्या सोवळ्या-ओवळ्याच्या घरातून आलेल्या. सुरुवातीला त्यांनाही हे जड गेलं. पण पुढं त्या साऱ्या पोरांच्या आई झाल्या. बोर्डिंगात धान्य संपलं तसे अंगावरचे दागिने एकेक करून गेले, शेवटी मंगळसूत्रही गेलं. १९३० साली त्या वारल्या. कर्मवीरांचं नाव घेताना ही माउली विसरता कामा नये.

मूठभर धान्याचा हिशेब

आता मुद्द्याची गोष्ट. एवढ्या पोरांना खायला घालायचं कुठून? भाऊरावांनी दोन वाटा काढल्या.

पहिली वाट गावाची. घरोघरच्या बाईने दळण करताना एक मूठ धान्य बाजूला टाकायचं. ते गोळा करून बोर्डिंगात पोचतं करायचं. मूठभर धान्याने कुणाचं घर बुडत नाही. पण गावच्या गाव मूठ काढायला लागलं की पोती भरतात. शिवाय ज्या बाईने मूठ घातली, तिला ती शाळा आपली वाटायला लागते. पैशापेक्षा हा फायदा मोठा.

दुसरी वाट पोरांची स्वतःची. बोर्डिंगात नोकर-चाकर नव्हते. स्वयंपाक, झाडलोट, शेतीकाम, दगड फोडणं, जळण आणणं, सारं पोरंच करत. सकाळ-संध्याकाळ काम, मधल्या वेळात शाळा, रात्री अभ्यास. यालाच पुढं कमवा आणि शिका हे नाव पडलं. यात दयेची भाकरी नव्हती. कष्टाची होती, म्हणून पोराची मान ताठ राहिली.

गावच्या शाळेपासून कॉलेजपर्यंत

भाऊराव एका बोर्डिंगवर थांबले नाहीत. शिडीची एक पायरी झाली की पुढची, असं त्यांचं चाललेलं असे. शाळांना मास्तर हवेत, म्हणून १९३५ साली साताऱ्यात अध्यापक विद्यालय. मास्तर तयार झाले तसे खेड्यापाड्यांत शाळा. त्या शाळेतून निघालेल्या पोरांनी पुढं जायचं कुठं, म्हणून १९४० साली महाराजा सयाजीराव हायस्कूल, फी नसलेलं, कष्ट करून शिकायचं. हायस्कूल झालं, मग कॉलेज का नको? १९४७ साली छत्रपती शिवाजी कॉलेज उभं राहिलं. १९५४ साली कराडला सद्‌गुरू गाडगे महाराज कॉलेज.

या वाटेत खड्डेही पडले. गांधीजींच्या हत्येनंतर त्यांच्या नावाने गावोगाव हायस्कुलं काढायचा निश्चय भाऊरावांनी केला. त्याच सुमारास मुंबई सरकारशी बिनसलं आणि संस्थेचं अनुदान बंद झालं. दुसरा असता तर कुलूप लावून मोकळा झाला असता. भाऊराव पुन्हा लोकांच्या दारात गेले. गाडगेबाबांनी शब्द टाकला आणि अनुदान परत सुरू झालं. कराडच्या कॉलेजला बाबांचं नाव का, ते आता ध्यानात आलं असेल.

शाहू बोर्डिंगात वाढलेले पी. जी. पाटील विलायतेला जाऊन बॅरिस्टर झाले. मोठ्या शहरात वकिली थाटायची सोडून ते संस्थेतच शिकवायला परतले. पुढं शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. गावाने वाढवलेलं पोर गावाकडं वळलं.

१९५९ साली सरकारने पद्मभूषण दिलं, पुणे विद्यापीठाने डी.लिट. दिली. मॅट्रिक न झालेल्या माणसाला! त्याच वर्षी ९ मे रोजी भाऊराव गेले. लावलेलं रोप मात्र वाढतच राहिलं. वटवृक्ष हे तर संस्थेचं बोधचिन्हच. आज रयतच्या शाखा सातशेच्या आसपास आहेत.

आपण काय करायचं?

वाचकहो, कर्मवीर आपल्या किनाऱ्यावर पुन्हा येणार नाहीत. पण त्यांची मूठ आपल्याकडं आहेच की! होडी बंदराला लागली की शिक्षणाच्या नावाने एक पाटी मासळी बाजूला काढली, तर वर्षभरात किती होईल, याचा हिशेब एकदा संध्याकाळी बसून मांडा. वाडीवाल्याने भाजीची एक टोपली, नोकरदाराने एका दिवसाचा पगार. नारळी पौर्णिमेला होड्या दर्यात लोटल्या की सुरुवात करायची, म्हणजे पुढच्या जूनमध्ये फीसाठी कुणाला सावकाराचं दार ठोठवावं लागणार नाही. हिशेबाची वही मात्र चावडीवर उघडी ठेवायची. पैशापायी संशय आला की चांगलं काम मोडतं.

पैशाशिवायही करण्यासारखं आहे. गावातलं जे पोर कॉलेजात गेलंय, आयटीआय करून नोकरीला लागलंय, त्याने आठवड्यातली एक संध्याकाळ नववी-दहावीच्या पोरांना द्यावी. कुठला फॉर्म कधी भरायचा, जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला किती आधी काढायचा, कुठल्या कोर्सनंतर कुठलं काम मिळतं, हे बापाला ठाऊक नसतं. त्या पोराला ठाऊक असतं. शाळेतच शिष्यवृत्तीची परीक्षा असते, तिला हुशार मुलगा-मुलगी बसवा. विद्यापीठांमधून कमवा आणि शिका योजना आजही आहे. कॉलेजच्या कचेरीत चौकशी करायला लाजू नका. आणि मुलीला घरी बसवायचा विचार मनात आला, तर लक्ष्मीबाईंचं मंगळसूत्र आठवा.

यंदाच्या निकालाला जे पोरगं दारात उभं आहे, त्याला उत्तर फक्त बापाने द्यायचं की साऱ्या गावाने, हे आपणच ठरवायचं आहे.